उलटं दाखवणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. दुर्बीण म्हटलं की तुम्ही लगेच चंद्राकडे बोट दाखवाल, म्हणून आधीच सांगून टाकते: चंद्र मी आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. मान वर करायची मला सोयच नाही. मी तिपाईवर बसते आणि सरळ समोर बघते, एका पातळीत, बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही. जमीन कुठे उंच, कुठे सखल, पाणी इकडून तिकडे वाहील की नाही, हे सांगणं माझं काम. साहेबलोक मला 'लेव्हल' म्हणत. गावातले लोक दुर्बीण म्हणतात. मला दुसरं नाव आवडतं, त्यात जरा रुबाब आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे काच घासायचं काम छोटेलाल नावाच्या कारागिराकडे होतं. आधी जाड रेती, मग बारीक, मग त्याहून बारीक आणि शेवटी लाल भुकटी, असा तो माझ्या भिंगाला तीन दिवस घासत होता. मधूनमधून काच धुऊन उजेडाला धरायचा आणि पुन्हा खाली बसायचा. "जल्दी काहे की? देखना तो तेरे को जिंदगी भर है," असं तो मला म्हणायचा. माणसं काचेशी बोलतात हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

माझं समोरचं भिंग मधे जाड आणि कडेला पातळ आहे. समोरच्या वस्तूच्या प्रत्येक ठिपक्यापासून प्रकाश चहूकडे पसरत असतो. त्यातला जेवढा माझ्या भिंगावर पडतो, तेवढा ते आत वळवतं आणि माझ्या नळीत पुन्हा एका ठिपक्यात आणून सोडतं. डोंगरावरचे सगळे ओहोळ जसे शेवटी एकाच तलावात येतात, तसंच हे. असा ठिपक्याला ठिपका मिळून नळीच्या आत आख्खं चित्र तयार होतं. वस्तू जवळची असली तर ते चित्र भिंगापासून जरा लांब पडतं, लांबची असली तर जरा जवळ. म्हणून माझ्या अंगाला एक चक्री आहे. ती फिरवून चित्र बरोबर त्या जागी आणायचं, जिथे कोळ्याच्या धाग्याची बारीक फुली ताणलेली आहे. मग मागचं छोटं भिंग ते चित्र आणि ती फुली दोन्ही मोठी करून बघणाऱ्याच्या डोळ्याला दाखवतं.

आता माझी खोड सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या खोडीमुळेच घडलं. मी जग उलटं दाखवते. भिंगातून जाताना वरून आलेला प्रकाश खाली उतरतो आणि खालून आलेला वर चढतो, त्याला कोणाचा इलाज नाही. तुमच्या घरी भिंग असेल तर खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून पाहा. भिंतीवर खिडकी उमटेल, बाहेरचं झाडही उमटेल. पण झाडाचा शेंडा खाली आणि बुंधा वर. आणखी एक-दोन भिंगं बसवली असती तर माझं चित्र पुन्हा सरळ झालं असतं. पण प्रत्येक काच थोडा थोडा प्रकाश खाते, आणि माझ्या कारखानदाराला चित्र उलटं चाललं असतं, अंधुक चाललं नसतं.

माझ्या पाठीवर एक बुडबुड्याची नळी आहे. बुडबुडा मधोमध आला की मी समपातळीत. त्या नळीवर एक छोटा आरसा तिरका बसवलाय, म्हणजे बघणाऱ्याला उठून वाकावं लागत नाही, जागच्या जागी बुडबुडा दिसतो. कारखान्यात शेजारच्या बाकावर खोलगट आरसे घासत असत. तेही माझ्या भिंगासारखेच प्रकाश एका ठिपक्यात गोळा करतात. फरक इतकाच की मी प्रकाश आरपार नेते आणि ते त्याला परतवून लावतात. मोठमोठ्या, ताऱ्यांच्या दुर्बिणींत तेच बसतात म्हणे. माझा आरसा बिचारा सपाट. तो काही गोळा करत नाही, बुडबुड्याचा निरोप तेवढा डोळ्यापर्यंत पोचवतो. पुढे एका माणसाने त्यात रोज सकाळी मिशा विंचरल्या, हा त्याचा सगळ्यात मोठा मान.

तो माणूस म्हणजे सुकराम. लाकडी पेटीत बसून मी सौंदडच्या स्टेशनवर उतरले, तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कामावरचा हा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस, मला न्यायला आला होता. पेटी बैलगाडीत ठेवायची सोडून त्याने डोक्यावर घेतली. "गाडीत हादरे बसतेत," म्हणाला. तेव्हापासून तीस वर्षं मी त्याच्या डोक्यावरून हिंडले. इटियाडोह धरणाच्या पाण्याच्या वाटा, गावोगावचे पाट, तलावांचे बांध आम्ही दोघांनी मोजले. साहेब बदलत राहिले. कोणी चक्री नीट फिरवायचा, कोणी घाईत. सुकराम मात्र तोच होता.

त्याचं काम पट्टी धरायचं. माझ्यासमोर लांब उभी राहणारी, आकड्यांची उंच मापपट्टी. तिचं शून्य जमिनीवर टेकतं आणि आकडे वर वर चढत जातात. माझी नजर सरळ जाते, म्हणून जमीन जितकी खोल तितका माझ्या फुलीवरचा आकडा मोठा, जमीन जितकी उंच तितका लहान. एवढं एकच गणित लक्षात ठेवा, बाकी सगळं मी सांभाळते.

आमची जुनी पट्टी माझ्यासारख्या उलट्या दुर्बिणींसाठीच बनवलेली होती. तिच्यावर प्रत्येक आकडा रंगाऱ्याने डोक्यावर उभा रंगवला होता, म्हणजे माझ्यातून बघताना तो सरळ दिसायचा. रस्त्याने जाणारी माणसं हसायची. "काय गा सुकराम, पट्टी उलटी धरली का?" सुकराम कोणाकडे बघायचासुद्धा नाही. आकडे आपल्याला उलटे दिसले म्हणजे पट्टी बरोबर, हे त्याच्या हातांना पाठ झालं होतं. आणि त्याची आणखी एक शिस्त होती. पट्टी धरून तो तिच्या मागे हात लांब करून असा उभा राहायचा की त्याचं बोटही माझ्या नजरेत येऊ नये. चांगला खलाशी दुर्बिणीत दिसत नाही, असं तो म्हणायचा. खरंच, तीस वर्षं रोज माझ्यासमोर उभा असलेला तो माणूस मी कामाच्या वेळी कधी पाहिलाच नाही.

मग कार्यालयात नवीन दुर्बीण आली. ती सगळं सरळ दाखवते आणि बुडबुड्याचं बरंचसं स्वतःच सांभाळते. मला कपाटात ठेवलं, वर फायली रचल्या. तीन पावसाळे गेले. काचेवर बुरशीचे बारीक धागे धरले आणि मी अंधारात, कोणी चुकून तरी दार उघडेल म्हणून, वाट बघत राहिले. सांगायला लाज वाटते, पण मी त्या नव्या दुर्बिणीचा पुष्कळ मत्सर केला. सुकराम निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी त्याला विचारलं, काय हवं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी निकामी यादीत गेलेच होते. साहेबांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मी पुन्हा एकदा त्याच्या डोक्यावर बसून घरी आले. माझ्याबरोबर आलेली जुनी पट्टी मागच्या पडवीत ठेवली होती, ती दोन वर्षांत उदईने, वाळवीने, खाल्ली. मला त्याने धानाच्या कोठीजवळ कोरड्या जागी ठेवलं. दर पंधरा दिवसांनी उन्हात काढायचा, मऊ पिसाने धूळ झटकायचा. बोट मात्र काचेला कधी लावलं नाही.

आता यंदाच्या उन्हाळ्यातलं सांगते.

सुकरामची नात डिंपल गोंदियाला स्थापत्याचा डिप्लोमा करून तलावदुरुस्तीच्या कामावर लागली होती. पहिलंच काम आपल्याच गावचं. गावचा तलाव फार जुना, उमराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी बांधलेला. तलावातून निघणारा पाट धानाच्या बांद्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाणी देत देत जातो आणि एका मुरमाड टेकाडाशी येऊन थांबतो. टेकाडापलीकडे जमुनाबाईच्या तीन बांद्या. तिच्या धानाला दोन वर्षं ऐन निसवायच्या वेळी पाणी मिळालं नव्हतं. कणसं बाहेर पडली ती पोकळच. यंदा पाणी वापर संस्थेने खोदाईचं मशीन बोलावलं होतं. पाट टेकाडाला वळसा घालून जमुनाबाईकडे न्यायचा, की दुसऱ्या बाजूला सरळ वाढवायचा, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं. शनिवारी मशीन येणार, चार दिवस राहणार आणि देवरीकडे जाणार. कार्यालयातली नवी दुर्बीणही रस्त्याच्या कामावर देवरीलाच अडकली होती. म्हणून डिंपल आजोबांकडे आली.

"आबाजी, तुमची दुर्बीण चालते का अजून?"

"चालते म्हंजे? तुह्या नव्या मशीनपेक्षा साफ दाखवते. आन पट्टी म्या धरतो."

"आबाजी, ऊन किती आहे! मी कोणाला तरी बघते ना."

"या गावात माह्याहून सरळ पट्टी कोन धरते, सांग बरं."

बुधवारी सकाळी मी पुन्हा तिपाईवर बसले. टेकाडाशेजारच्या एका उंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डिंपलने मला मांडलं. तिथून डाव्या हाताला पाटाचं टोक दिसत होतं आणि उजव्या हाताला जमुनाबाईची बांदी. डिंपलने आरशात बघून बुडबुडा मधे आणला. बारीक, धीराचा हात. मला लगेच आवडला. पट्टी तालुक्याहून आणलेली, नवी कोरी, चार मीटरची, मधोमध दुमडणारी, दोन्ही टोकांना सारख्याच पत्र्याच्या टोप्या.

सुकरामने ती उलगडली. आकडे त्याला सरळ दिसले. तो क्षणभर थबकला. तीस वर्षं ज्या हातांनी उलटे आकडेच धरले, त्या हातांना सरळ आकडे चुकीचे वाटले. त्याने पट्टी फिरवली, डोकं खाली, पाय वर केले, आणि समाधानाने जमिनीवर टेकवली. नेहमीसारखा मागे सरकून दिसेनासा झाला.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं ना? ही पट्टी आजच्या दुर्बिणींसाठी बनवलेली होती. तिचे आकडे सरळच असतात, ती सरळच धरायची. माझ्यातून ते उलटे दिसले असते, डिंपलला वाचायला जरा त्रास झाला असता, एवढंच. आता मात्र पट्टी उलटी आणि मीही उलटी, त्यामुळे डिंपलला सगळं कॉलेजात शिकल्यासारखं दिसलं. आकडे सरळ, खालून वर चढणारे.

"आबाजी, तुम्ही तर म्हणत होते दुर्बीण उलटं दाखवते. मला तर सरळ दिसून राहिलं!"

"पट्टी कोनं धरली हाय?" सुकराम लांबून ओरडला. त्या आवाजातला अभिमान मला अजून आठवतो.

पट्टीचं शून्य आभाळात होतं. मला ते दिसत होतं. पण काचेला तोंड नसतं. पाटाच्या टोकाशी डिंपलने वाचलं, दोन मीटर वीस. जमुनाबाईच्या बांदीत वाचलं, एक मीटर पंचाहत्तर. आकडा लहान झाला म्हणजे जमीन उंच. पट्टी उलटी असल्यामुळे सगळाच हिशेब उलटा झाला होता. उतार होता तिथे चढ निघाला.

जमुनाबाई सकाळपासून धुऱ्यावर बसून होती. डिंपल वही घेऊन तिच्याजवळ गेली.

"जमुनाआजी, तुमची बांदी पाटापेक्षा दीड फूट वर आहे."

"मंग?"

"पाणी चढणार नाही, आजी."

जमुनाबाईने टेकाडाकडे पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. पदराने तोंड पुसलं. "बरं बाई. दुर्बीणच बोलली त आता का करा. यंदा धानाचे परे टाकत नाही मंग. राहू दे बांद्या पडीत." आणि ती घराकडे निघाली.

मी माझ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्यातून गेलेल्या खोट्याने एका बाईच्या बांद्या पडीत जाणार होत्या, आणि मला पेटीत घालून वर कौतुकाने हात फिरवला गेला. मला अतिशय वाईट वाटलं.

संध्याकाळी उमराव काठी टेकत सुकरामच्या अंगणात आला. ऐंशी पार केलेला, पण शब्द काठीपेक्षा टणक.

"सुकराम, तुही दुर्बीण लबाड बोलून राहिली."

"काऊन गा? तीस वर्षांत एक आकडा चुकला नाही माहा!"

"आकडे मले नाही समजत. पानी समजते. आषाढात त्या टेकाडाले वळसा घालून पानी जातेच जाते, आन जमुनाच्या धुऱ्याले जाऊन अडते. लहानपनापासून पाहून राहिलो. वर असती बांदी, त पानी चढून गेलं असतं का?"

"डोयाले टेकाड दिसते म्हून तुले तसं वाटते."

"माह्या डोयाले टेकाडाच्या मागचंबी दिसते."

दोघं म्हातारे इतके तापले की शामकला, सुकरामची बायको, चहा घेऊन आली ती तशीच परत गेली. डिंपल वही मांडीवर घेऊन बसली होती. तिने गणित तीनदा तपासलं. तीनदा तेच आलं. गणितात चूक नव्हतीच तर सापडणार कशी? पण उमराव जे सांगत होता तेही तिला खोडून काढता येईना. शेवटी ती म्हणाली, "बाबाजी, उद्या पुन्हा मोजते. तुमच्यासमोर."

"मोज. पन आमच्या रीतीनं मोज," उमराव म्हणाला. "ज्याच्या बांदीत पानी न्याचं, त्या घरच्या बाईनं पान्यानं भरला गुंड डोक्यावर घेऊन मापाच्या जागी उभं राहावं लागते. माह्या आज्यानं तलावाची एक बी नाली त्याच्याशिवाय आखली नाही. आज तुमी कोनाले उभं केलं? कोनाले नाही."

सुकराम पुटपुटला, "दुर्बिणीच्या कामाले गुंड कायले पायजे?" पण डिंपल म्हणाली, "काय बिघडतं, आबाजी? उभ्या राहू द्या आजीला."

गुरुवारी सकाळी मी पुन्हा त्याच धुऱ्यावर. पाटाच्या टोकाशी आकडा तोच आला, दोन मीटर वीस. मग डिंपलने मला जमुनाबाईच्या बांदीकडे वळवलं. जमुनाबाई यायला तयार नव्हती. उमरावच तिला घेऊन आला होता. नऊवारी लुगडं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळेचा गुंड. ती पट्टीला अगदी चिकटून उभी राहिली. सुकराम नेहमीप्रमाणे मागे, दिसत नव्हता.

डिंपलने चक्री फिरवली. आधी पुसट पिवळा डाग दिसला, मग कड धरली, मग गुंड लख्ख दिसला. पितळेवर ऊन चमकत होतं. गुंडाचं तोंड खाली होतं आणि बूड वर. बुडाच्या वर चुंबळ, चुंबळीच्या वर जमुनाबाईचं कपाळ. काठोकाठ पाणी खाली लटकत होतं आणि एक थेंब सांडत नव्हता.

डिंपलला हसू फुटलं. "आजी, तुमचा गुंड तर..." आणि ती बोलता बोलता थांबली.

तिने डोळा माझ्यावरून काढला, नुसत्या डोळ्याने बांदीकडे पाहिलं. गुंड सरळ होता. पुन्हा माझ्यातून पाहिलं. गुंड उलटा. आणि त्याला खेटून पट्टीवरचे आकडे, सरळ. एकाच भिंगातून, एकाच जागी, गुंड उलटा आणि आकडे सरळ, हे कसं होईल? मी सगळ्यांना सारखंच वागवते, मित्रांनो. गुंड उलटा करेन आणि आकडे सोडून देईन, असं माझ्याकडे नाही. आकडे सरळ दिसत होते याचा अर्थ एकच होता.

डिंपल धावत बांदीत गेली. मी तिला माझ्या चौकटीत शिरताना पाहिलं, पाय आभाळाकडे, वेणी खाली लोंबणारी.

"आबाजी, पट्टीच्या पायाशी कोणता आकडा आहे?"

"शून्य. दुसरा कोनता असन?" म्हणत सुकराम वाकला. वाकलेलाच राहिला. पट्टीच्या पायाशी चार होता.

जमुनाबाईने गुंड उतरवून धुऱ्यावर ठेवला. सुकरामने पट्टी हळूच फिरवली, शून्य मातीला टेकवलं. डिंपल परत आली. आता तिला आकडे डोक्यावर उभे दिसत होते, वाचायला वेळ लागला. जमुनाबाईच्या बांदीत दोन मीटर पंचवीस. पाटाच्या टोकाशी एक मीटर ऐंशी. तिने दोन्हीकडे दोन-दोनदा बघितलं. बांदी दीड फूट खाली होती. टेकाडाला वळसा घातला की पाणी आपल्या पायाने जमुनाबाईकडे जाणार होतं, जसं ते उमरावच्या लहानपणापासून दर आषाढात जात होतं.

मला हायसं वाटलं. पण मी सुकरामकडे बघत होते. त्या दिवशी तो पहिल्यांदाच पट्टीच्या मागून बाहेर आला होता, म्हणून मला दिसला. हात गुडघ्यांवर ठेवून धुऱ्यावर बसला होता, आणि हाताच्या तळव्यांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

शुक्रवारी संस्थेची बैठक झाली. डिंपलने मला टेबलावर ठेवलं होतं, म्हणून मीही हजर होते. अध्यक्ष शालीकरामने आकडे विचारले. डिंपल उभी राहिली. "आधीचं माप चुकलं होतं. मी पहिल्यांदा पट्टीचं शून्य बघायला पाहिजे होतं. माझी चूक आहे. आता..."

"खाली बस, बेटी." मागून सुकराम उठला. "चूक माही हाय. पट्टी उलटी म्या धरली. हात तीस वर्षांचे जुने, पट्टी दोन दिवसांची. म्या पाहून नाही धरली, सवयीनं धरली. जमुनाचं पानी म्याच अडवून राहिलो होतो." आणि तो दाराकडे निघाला.

उमराव काठी आडवी धरून दारातच बसला होता. "कुठं चालला गा? बस इथं. पट्टी उलटी होती. तू सरळच हायेस."

सुकराम त्याच्याशेजारी बसला. बसताना त्याने डोळे पुसले, ते सगळ्यांनी पाहिलं आणि कोणी पाहिलं नाही असं दाखवलं. शालीकरामने ठराव वाचला. पाट टेकाडाला वळसा घालून जमुनाबाईच्या बांदीपर्यंत न्यायचा.

शनिवारी मशीन आलं. जमुनाबाईने परे टाकले, म्हणजे रोपांसाठी धान पेरलं. मग रोवणा, रोपांची लावणी, झाला. पुढचं तुम्हाला गावचा कोणीही सांगेल, पण मी सांगते, कारण मी तिथे होते. दसऱ्याच्या आसपास धान निसवायला लागलं आणि तलावाचं तोंड उघडलं. डिंपलने मला त्याच धुऱ्यावर मांडलं होतं. पाणी किती उंचीने वाहतंय ते तिला बघायचं होतं. सकाळी नवाच्या सुमारास पाणी टेकाडाच्या वळणावरून पुढे सरकलं. सुक्या पाल्याचा आणि फेसाचा एक पट्टा पुढे ढकलत, मातीतल्या भेगा भरत, सावकाश आलं. माझ्या नजरेत पाणी वर होतं आणि आभाळ खाली. ते वरचं पाणी थेट जमुनाबाईच्या बांदीत शिरलं आणि धानाच्या मुळांशी पसरलं.

जमुनाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिने पाण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग ती सुकरामकडे गेली. तो पट्टी धरून उभा होता, मागे नव्हे, पट्टीच्या शेजारी, सगळा दिसेल असा. तिने वाकून पट्टीच्या पायाशी, शून्याच्या वर, कुंकवाचं बोट टेकवलं.

"हे पाय, बाप्पा," ती म्हणाली. "आता इसरू नका."

सुकराम मोकळेपणाने हसला. शामकलाने पुढे ते कुंकू पुसून जाईल म्हणून त्या जागी लाल रंगाचा ठिपका दिला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी दुर्बीण, सूक्ष्मदर्शक किंवा साधं भिंग तुमच्या शाळेच्या कपाटात पडलं असेल. त्याला अंधारात आणि दमटात सोडू नका. काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, बोट लावू नका, अधूनमधून उजेडात काढा. आम्ही प्रकाश गोळा करतो, वळवतो, तुमच्या डोळ्यापाशी आणून ठेवतो. आम्ही लबाडी करत नाही. पण आम्ही काय दाखवतो ते समजून घ्यायचं काम तुमचं. आकडे सरळ दिसले म्हणून लगेच वही मिटू नका. त्यांच्या शेजारी कोणाला तरी उभं करा आणि त्याचे पाय कुठे आहेत ते बघा.

मी अजून धानाच्या कोठीजवळच राहते. देवरीला गेलेली नवी दुर्बीण परत आली आहे, तरी गावच्या कामाला डिंपल मलाच नेते. माझ्यातून पट्टीकडे पाहिलं की तो लाल ठिपका सगळ्यात वर, आभाळाच्या जागी दिसतो. तो वर दिसल्याशिवाय डिंपल पेनाचं टोपण काढत नाही.